पडद्याखालचे पाय

दूध परत आलं त्या सकाळी गोठेवाली पुढच्या रस्त्याने घरी आलीच नाही. किटलीवर डोक्याचं फडकं टाकून ती बांधाबांधाने, शेणाच्या ढिगामागून गोठ्यात शिरली. ती वाट गुरांची. एवढ्या वर्षांत तोंड लपवून त्या वाटेने यायची वेळ तिच्यावर आली नव्हती.

दूध केंद्रावर सगळं रांगेतल्या लोकांसमोर झालं होतं. तिथल्या माणसाला सगळे ‘डिग्री’ म्हणत. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. तो दुधात काचेची नळी सोडायचा, नळी डुलायची थांबली की एक डोळा मिटून आकडा बघायचा, मगच दूध मापात ओतायचा. त्या दिवशी त्याने नळी काढून पुसली आणि पुन्हा सोडली. पुन्हा एक डोळा मिटला.

"काकू, लागत नाही."

"काय लागत नाही?"

"डिग्री लागत नाही. पातळ आहे. नाही घेता येणार."

"अरे, आत्ता धार काढून आणलंय. फेस बघ, अजून बसला नाही."

"फेसाला कोण विचारतंय, काकू? मी घेतलं तर वरचे मला परत पाठवतील."

मागे कोणीतरी बोललं, "विहिरी आटल्या म्हणून रडतात सगळे, आणि पाणी बघा कुठे सापडलं!" बोलणारा थट्टेनेच बोलला होता. पण रांग हसली. गोठेवालीने किटलीचं झाकण बसवलं. ते तिरकं बसलं, म्हणून काढून पुन्हा बसवलं, आणि एवढ्या वेळात मान वर केली नाही.

तिच्या सासूच्या काळी नळी नव्हती, मशीन नव्हतं. दूध घेणारा म्हातारा अंगठ्याच्या नखावर थेंब घ्यायचा. थेंब नखावर थांबला की दूध चांगलं, ओघळला की नाही. त्यांच्या गोठ्यातला थेंब कधी ओघळला नव्हता. सासू मरताना सोनं-नाणं देऊन गेली नाही, पण एवढं सांगून गेली, की आपल्या घरातून गेलेलं काही परत आलेलं नाही.

गोठेवालीने परत आलेली किटली गव्हाणीशी ठेवली, तेव्हा तिचा नवरा वैरण कापत बसला होता. पाठीच्या दुखण्याने त्याला वाकता येत नसे, म्हणून तो उंच ओंडक्यावर बसून यंत्राचा दांडा फिरवायचा. गावही आणि बायकोही त्याला ‘म्हातारा’च म्हणत; गोठेवाली तोंडावर ‘अहो’ म्हणायची तेवढाच फरक.

"आलं का परत?" त्याने विचारलं.

"हळू बोला."

"गाईंना कळलंय आधीच. वाळकं घातलं, पांढरं पाणी दिलं त्यांनी. त्यांचं काय चुकलं?"

"तुमचं काय जातंय बोलायला? रांगेत मी उभी होते."

म्हाताऱ्याने दांडा थांबवला. बाहेर गरम वारा सुटला होता. पत्र्याखाली कापलेल्या काड्या उडून दोघांच्या केसांत बसत होत्या. हिरवं पान त्या वर्षी लवकर संपलं होतं. गाईंच्या बरगड्या मोजता येतील अशा झाल्या होत्या, आणि गोठ्यात नेहमी जो ओला, गोडसर वास असायचा, त्याच्या जागी धुळीचा वास आला होता.

"सून कुठे आहे?" गोठेवालीने विचारलं.

"दारात बसलीय. मघाशी बसली तशीच."

सून म्हणजे एकुलत्या एका मुलाची बायको. मुलगा दुधाचा टँकर चालवायचा; आठवड्यातून एकदा आला तर आला, आणि आला की निम्मा वेळ झोपेत जायचा. सुनेला माहेरी आई नव्हती. बाप होता, पण तो दुसरं घर मांडून त्यातच रमला होता. लग्न होऊन आली तेव्हापासून ती सासूला ‘आई’ म्हणायची. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा ते तोंडदेखलं वाटलं नाही, म्हणून गोठेवालीला ती आवडली होती.

आणि हात! हात म्हणजे काय होते त्या पोरीचे. गोठ्यात एक काळी गाय होती, तिला सगळे ‘लाथाडी’ म्हणत. म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर तिची खूण होती. ही लाथाडी नव्या सुनेच्या हाताखाली मात्र डोळे मिटून रवंथ करायची. सून नवऱ्याचा जुना चौकड्यांचा सदरा कपड्यांवर चढवायची, बाह्या दुमडायची, गाईच्या कुशीला कपाळ टेकायची आणि घशातल्या घशात काहीतरी बोलत राहायची. गाय पान्हा सोडायची तो तिलाच.

पोटात बाळ राहिल्यावर सुरुवातीला सगळं ठीक होतं. सदऱ्याची बटणं लागेनाशी झाली तशी ती खालची टोकं गाठ मारून बांधायला लागली. म्हातारा म्हणायचा, "नातवाचं पहिलं कुंची-टोपडं या सदऱ्याचंच शिवा." ती हसायची.

कधी थांबली हसायची, ते कुणाला सांगता येणार नाही. वैरण संपते तसं झालं ते. रोज थोडी थोडी. केस विंचरायला बसली की फणी केसांत तशीच राहायची. भांडं घासायला घेतलं की तेच भांडं घासत बसायची. गोठेवाली पहाटे उठायची तेव्हा सून आधीच उंबऱ्यावर बसलेली असायची. रात्री झोपली होती की नाही, देव जाणे. मग तिचं गोठ्यात येणं बंद झालं. लाथाडी आकांत करायला लागली. तेव्हा गोठेवालीने खुंटीवरचा चौकड्यांचा सदरा स्वतःच्या अंगात घातला आणि तिच्याजवळ गेली. गाईने सदरा हुंगला, एक उसासा टाकला आणि दूध दिलं.

"फसवलंस गं बिचारीला," म्हातारा म्हणाला.

"जनावराला काय, वास लागतो. वास दिला."

एकदा दुपारी चुलीवर दूध होतं. गोठेवाली बाहेरून आली तर करपट धूर. सून चुलीसमोर उभी होती, हातात पकडायचं फडकं. दूध फुगून वर आलं होतं, काठावरून उतरत होतं, निखाऱ्यांवर चरचरत होतं, आणि ती त्याच्याकडे बघत होती.

"अगं, डोळे आहेत का बटणं लावलीत?"

"दिसत होतं, आई."

"मग?"

"हात उचलायचा होता." सून हाताकडे बघत म्हणाली. "उचललाच गेला नाही."

गोठेवालीने पातेलं उतरवलं. उरलेलं दूध तळाशी एवढंसं होतं. राग आला होता. तिला स्वतःचे दिवस आठवले. मुलाच्या वेळी तीही गोठ्यात गाईच्या मागे उभी राहून रडायची, कारण नसताना. सासूने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "धार काढ, बरं वाटेल." बरं वाटलं होतं की नाही, ते आता आठवत नव्हतं. धार काढली होती, एवढं आठवत होतं.

"पोटुशी बाई अशीच असते," ती सुनेला म्हणाली. "बाळ झालं की सगळं विसरशील. बस, तुझ्या डोक्याला तेल लावते."

सून बसली. गोठेवालीने तिच्या डोक्यावर तेल जिरवलं, कानामागे बोटं फिरवली. डोकं हाताखाली जडशीळ लागत होतं.

दूध परत आलं त्याच आठवड्यात शेजारची शिंपीण आली. उंबऱ्यावर बसून सुईत दोरा ओवता ओवता ती गावभरच्या बातम्या सांगायची. मशीन चालवून तिचा एक पाय सतत हलत असायचा, मशीन नसलं तरी.

"दवाखान्यात नवीन काढलंय, ऐकलंस का? पोटुशी बाई गेली की नर्सबाई प्रश्न विचारते. झोप येते का, रडू येतं का, मन लागतं का. आणि त्याला मार्क देते."

"मार्क? कशाला?"

"डोकं ठिकाणावर आहे का ते बघायला. पलीकडच्या गल्लीतल्या सुताराची सून त्यात अडकली. मोठ्या दवाखान्यात पाठवली तिला. आता सुतार घराबाहेर पडला की पोरं विचारतात, काय हो, वेडीचं कसं काय?" शिंपिणीने दोरा दाताने तोडला. "मूल झाल्यावर तरी तिच्याकडे ठेवतील का, कोण जाणे."

"ठेवणार नाहीत?"

"मला काय माहीत, बाई. लोक म्हणतात."

शिंपीण गेली, पण तिचं बोलणं गोठेवालीच्या डोक्यातून जाईना. डिग्रीचा मिटलेला डोळा आठवत राहिला. नळी सोडली, लागत नाही. आता याच घरातली सून न्यायची, नर्सबाई तिच्यात नळी सोडणार, आणि रांगेसमोर म्हणणार, लागत नाही. परत घेऊन जा.

नाही, ती मनाशी म्हणाली. एक वेळ दूध आलं. सून नाही येणार.

दवाखान्याचा दिवस आला तशी सकाळी गोठ्यात शेण भरता भरता तिने सुनेला जवळ बसवलं.

"नर्सबाई विचारेल, झोप लागते का. काय सांगशील?"

"लागते."

"नुसतं लागते नाही. पडल्या पडल्या लागते म्हण. आणि जेवण?"

"जातं."

"पोटभर जातं, म्हण. हसू येतं का विचारलं तर थोडं हस. तोंडाने ‘येतं’ आणि चेहरा दुखवट्याचा, असं नको."

म्हातारा ओंडक्यावरून म्हणाला, "एवढी शिकवणी मुलाला दिली असतीस तर तो टँकर चालवायच्या ऐवजी साहेब झाला असता."

सुनेच्या ओठांचा एक कोपरा हलला. गोठेवालीला बरं वाटलं. ती पाटी उचलायला वाकली, तेवढ्यात सून म्हणाली,

"आई, आणि खरं सांगितलं तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी तिला म्हटलं, की मला सारखं—"

"सारखं काय?"

सून शेणाच्या पाटीकडे बघत होती. तिचे ओठ उघडे होते. गोठेवालीने वाट पाहिली, खरंच पाहिली. पण ऊन वर येत होतं, पाटी कमरेवर जड होत होती, आणि दवाखान्यात उशीर झाला की दुपार तिथेच जाते.

"काही नाही," सून म्हणाली.

"मग चल, तोंड धू. नवे कपडे घाल."

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि पुढे ओसरी. अंगणातल्या झाडाखाली बाक होता, तिथे पोटुशा बायका आणि त्यांच्याबरोबर आलेल्या बसल्या होत्या. आतल्या खोलीला दार नव्हतं, हिरवा पडदा होता. धुऊन धुऊन तो आटला होता. खालून वीतभर मोकळं राहायचं.

नर्सबाई वयाने सुनेएवढीच होती. कपाळावर घाम, केस चिकटलेले. तिने सुनेचं वजन केलं, दंडाला पट्टा बांधला, आणि मग कागद पुढे ओढला.

"मावशी, तुम्ही आता बाहेर बसा."

"का गं बाई? माझ्यापासून काय लपवायचंय?"

"तसं नाही. सगळ्यांनाच बाहेर बसवते. तिथे झाडाखाली सावली आहे, बघा."

गोठेवाली उठली. पडदा सारून बाहेर आली. झाडाखाली बाकावर जागा होती. एका बाईने सरकून बाकावर हातही थोपटला, या बसा म्हणून. गोठेवालीने तिला मान हलवून नको सांगितलं आणि पडद्याला पाठ लावल्यासारखी तिथेच उभी राहिली. नुसती उभी राहिली. पोर घाबरते, जवळ कोणी आहे एवढं तिला कळलं म्हणजे झालं, असं तिने स्वतःला सांगितलं.

आत पंखा खडखडत होता. त्यातून आवाज येत होते.

"झोप कशी लागते?"

"पडल्या पडल्या लागते."

शाब्बास, गोठेवाली मनात म्हणाली.

"आवडीचं काम करताना मन लागतं का? आधी लागायचं तसं?"

"लागतं. गाईंचं काम आवडतं मला."

"उगाच भीती वाटते? छातीत धडधड?"

"नाही."

"रडू येतं का?"

"नाही. कशाला येईल?"

सगळं शिकवल्यासारखं चाललं होतं. गोठेवालीच्या खांद्यांवरचं ओझं एकेका उत्तराबरोबर उतरत होतं. मग नर्सबाईचा आवाज खाली आला. तिने खुर्ची जवळ ओढली असावी. खुर्चीचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला.

"आता हे एक शेवटचं. घाबरू नकोस. मी सगळ्यांना विचारते. जीव नकोसा होतो का कधी? आपण नसावं असं वाटतं का?"

आत काही ऐकू येईना. पंखा फिरत होता. पात्याला काहीतरी लागत होतं, दर फेऱ्याला एकदा. गोठेवाली वाट बघत होती. बोल गं. साधं ‘नाही’ म्हणायचं, त्याला एवढा वेळ? आता नर्सबाई कागदावर दुसरंच लिहील. आता ती विचारेल, गप्प का?

तिने घसा खाकरला. गाय वाटेत थांबली की मागून जसं खाकरतात, चल म्हणून, तसं. मोठ्याने नाही.

"नाही," आत सून म्हणाली.

"नक्की?"

"नाही, बाई. मला घरी सगळे जपतात."

बाहेर आल्यावर नर्सबाई म्हणाली, "तसं ठीक आहे. पण वजन वाढत नाहीये तिचं. पुढच्या वेळी लवकर आणा, मला पुन्हा बोलायचंय तिच्याशी." गोठेवालीला त्यातलं ‘ठीक आहे’ तेवढं ऐकू आलं. घरी जाताना ती पुढच्या रस्त्याने, सुनेचा हात धरून, गल्लीच्या मधोमध चालली. शिंपीण मशीनवर होती.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? पास."

"बघ, मी म्हटलंच होतं. तुझी सून सोन्यासारखी आहे."

संध्याकाळी गोठेवाली ओसरीवर पाय पसरून बसली होती. सून आतून वाटीत मेण पातळ करून घेऊन आली आणि तिच्या पायाशी बसली.

"तुमच्या टाचेला भेग पडलीय, आई. रक्त येईल."

"अगं, असू दे. गोठ्यातल्या बाईच्या टाचा अशाच असायच्या. तुला कधी दिसली?"

"आज," सून म्हणाली.

ती कोमट मेण भेगेत भरत होती, बोटाने दाबत होती, वरून कापडाची पट्टी बांधत होती. गाईच्या सडाला लावायचे तेच हात, तसेच मऊ. पोर सुधारतेय, तिला वाटलं. दुसऱ्याच्या टाचेकडे लक्ष जायला लागलं, म्हणजे सुधारतेय.

"तू किती गुणाची आहेस गं," ती म्हणाली. सुनेने मान वर केली नाही.

पुढच्या आठवड्यात मुलगा आला, आणि टँकरच्या मागे बांधून लांबच्या कुठल्या पाटाच्या गावाहून हिरव्या चाऱ्याचे भारे घेऊन आला. गाईंनी दावी ताणली. म्हातारा भारा सोडायला गेला तर लाथाडीने त्याच्या हातातूनच ओढून घेतला. दोन-तीन दिवसांत दुधाचा रंग बदलला. डिग्रीने एक डोळा मिटला आणि म्हणाला, "लागली, काकू. चांगली लागली." गोठेवालीने मागे वळून रांगेकडे बघितलं. कोणी हसत नव्हतं.

सुनेनेही त्या दिवसांत कामं अंगावर घेतली. किटल्या घासल्या, त्या उन्हात पालथ्या घातल्या. गव्हाण झाडली. नवऱ्याचे कपडे धुऊन घड्या केल्या. नवरा जाताना म्हणाला, "आता तोंडावर रंग आलाय तुझ्या." ती म्हणाली, "जपून जा."

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सदरा अंगावर चढवून लाथाडीला पाणी दाखवलं. तिच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ उभी होती. म्हाताऱ्याने ओंडक्यावरून बघितलं आणि त्याला आनंद झाला, पोर पुन्हा गाईजवळ गेली म्हणून. मग चौकड्यांचा सदरा खुंटीला नीट लावून, कपड्यांचं बोचकं घेऊन ती गावाबाहेरच्या, उन्हाळ्यातही न आटणाऱ्या तळ्याकडे गेली.

बोचकं काठावर सापडलं. कपडे कोरडेच होते.

तिच्याबरोबर पोटातलंही गेलं. मुलगी होती, असं नंतर कोणीतरी सांगितलं. सांगायला नको होतं.

माणसं आली, बसली, गेली. मुलगा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्याला उठवायचं कोणाच्याने होईना. म्हातारा यंत्राचा दांडा फिरवायचा, खाली वैरण घातलेली नसली तरी. आणि गोठेवाली धार काढायची. गाईंना थांबता येत नाही. घरात कोणी गेलं म्हणून कासेतलं दूध वाट बघत नाही.

लाथाडीसाठी सदरा घालावा लागला. तिने तो खुंटीवरून काढला, तेव्हा खालची गाठ तशीच होती; सून काढताना गाठ न सोडता डोक्यावरून काढायची. गोठेवालीने तो तसाच डोक्यावरून घातला. गाठ तिच्या सपाट पोटावर लोंबत राहिली. गाय हुंगत हुंगत जवळ आली, बाहीत नाक खुपसलं, मान लांबवून हंबरली आणि पान्हा सोडला. भांड्यात धारा वाजायला लागल्या. गोठेवालीने गाईच्या कुशीला कपाळ टेकलं. गाईला फसवलं, ती मनात म्हणाली, आणि मग तिथेच बसल्या जागी तिचं तोंड वासलं. आवाज फुटला नाही. धार मात्र थांबली नाही. हात आपले काम करत होते.

मग एका सकाळी नर्सबाई आली. एकटीच, पायी. पिशवी नव्हती, कागद नव्हते. ओसरीवर बसायला सांगितलं तरी ती खांबाला धरून उभीच राहिली.

"मावशी, मी विचारलं होतं तिला."

"माहीत आहे. मी ऐकत होते."

"हो." नर्सबाईने ओठ दाबले. "तुमचे पाय दिसत होते मला. पडद्याखालून."

गोठेवालीने खाली आपल्या पायांकडे बघितलं.

"ती सारखी खाली बघत होती. प्रश्न विचारला की खाली बघायची, मग उत्तर द्यायची. मला वाटलं, लाजतेय. नंतर लक्षात आलं, कुठे बघतेय ते." तिचा आवाज चिरकला. "मी उठून तुम्हाला लांब बसवायला हवं होतं. बाहेर एवढ्या जणी थांबल्या होत्या... म्हटलं, पुढच्या वेळी एकटीला घेऊ."

"विचारलं, तेव्हा ती गप्प राहिली होती," गोठेवाली म्हणाली.

"हो."

"म्हणजे सांगणार होती."

नर्सबाई रडत होती. म्हातारा आतून पाण्याचा तांब्या घेऊन आला, तिच्यापुढे धरला आणि धरूनच उभा राहिला.

"तिने सांगितलं असतं, तर तिचं काय केलं असतंत?" गोठेवालीने विचारलं. "वेडी ठरवून पाठवली असतीत?"

"नाही हो, मावशी. बोलले असते. डॉक्टरांकडे नेलं असतं, औषध दिलं असतं. तुम्हालाही सांगितलं असतं, तिला एकटं सोडू नका म्हणून. सुताराची सून बरी आहे आता. बाळ तिच्याकडेच आहे."

"तिच्याकडेच?"

"तिच्याकडेच. मांडीवर घेऊन येते दवाखान्यात."

नर्सबाई गेल्यावर गोठेवाली ओसरीवर पाय पसरून बसली. तिने टाचेवरची पट्टी सोडली. मेण कधीच झडून गेलं होतं. भेग भरून आली होती. तिथे नवी, गुळगुळीत कातडी आली होती, लहान मुलाच्या पायाला असते तशी. तिने त्यावर अंगठा ठेवला आणि ऊन ओसरीवरून उतरेपर्यंत तशीच बसून राहिली.

ऋतू फिरला. हिरवं आलं. सदऱ्याला आता गोठेवालीचाच वास येत होता. लाथाडी तो हुंगायची आणि तोंड फिरवायची. एका सकाळी तिने भांडं लाथेने उडवलं. गोठेवालीने सदरा काढला, घडी करून पेटीत ठेवला, आणि तिच्या पुढे आपल्या स्वतःच्या कपड्यांत जाऊन उभी राहिली. "ती नाही गं आता," तिने गाईला सांगितलं. "मीच आहे." सून नाही, हे ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली होती. कितीतरी दिवस गाईने तिला हात लावू दिला नाही. मग लावू दिला.

शिंपिणीची लेक त्या वर्षी पोटुशी होती. जावई परमुलुखात कामाला, म्हणून ती आईकडेच राहायची. दवाखान्याच्या दिवशी गोठेवाली केंद्रावरून रिकामी किटली घेऊन परतत होती. दवाखान्याच्या अंगणात झाडाखालचा बाक मोकळा दिसला. हिरव्या पडद्याशी शिंपीण उभी होती. तिचा एक पाय सवयीने हलत होता.

गोठेवालीने किटली फाटकाशी ठेवली. सरळ ओसरीवर गेली आणि शिंपिणीचं मनगट धरलं.

"चल."

"अगं, कुठे? आत लेक आहे माझी."

"चल म्हणते ना. झाडाखाली."

"मी काही बोलत नाहीये गं. नुसती उभी आहे."

"मीही नुसतीच उभी होते," गोठेवाली म्हणाली.

शिंपीण तिच्याकडे बघत राहिली. तिचा हलणारा पाय थांबला. मग ती निमूटपणे ओसरी उतरली. दोघी बाकावर जाऊन बसल्या. वारा गार होता. लांबून पडद्याचा नुसता हिरवा रंग दिसत होता. खालची फरशी मोकळी होती.

"काय विचारत असेल गं?" शिंपीण म्हणाली.

तेवढ्यात आतून आवाज आला. आधी वाटलं पंखाच. मग ओळखू आलं. शिंपिणीची लेक रडत होती. दाबून, मग दाबायचं सोडून, लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडत होती.

शिंपीण ताडकन उठली. गोठेवालीने तिचं मनगट सोडलं नव्हतं. दावं ओढणाऱ्या गाईला धरावं तसं तिने ते दोन्ही हातांनी धरलं.

"सोड मला. रडतेय ती."

"रडू दे," गोठेवाली म्हणाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून ओघळत होतं, पण पुसायला हात मोकळा नव्हता. "रडू दे गं तिला. कोणीतरी ऐकतंय."